मिनिएचर बाहुलीचं डोकं आणि हातपाय पॉलिमर क्लेचे (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी कृत्रिम माती) आहेत, पण कापडी धड कडक होतं आणि ती खुर्चीत बसत नाही. धड मऊ कसं करावं?

धड ठासून भरू नका. बारीक तारेच्या सांगाड्यावर उशीत घालतात त्या फायबरचा पातळ थर गुंडाळा आणि वर जुन्या, धुऊन मऊ झालेल्या मलमलीचं सैल कव्हर शिवा. मी ऑर्डरवर अशा बाहुल्या करते, म्हणून सांगते: १:१२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्यात, मोठ्या माणसाची बाहुली जेमतेम साडेपाच-सहा इंचांची, त्यामुळे जाड मांजरपाटाच्या आतल्या शिवणीच अर्धी जागा खातात आणि धड ताठ होतं.

- तार हाताने सहज वाकणारी घ्या, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. टोकं वळवून घ्या, नाहीतर कापडातून बाहेर येतात.
- क्लेच्या हातापायांना भाजण्याआधीच वरच्या टोकाशी खाच पाडा. कापड तिथे दोऱ्याने घट्ट आवळता येतं.
- कंबर आणि मांडीच्या सांध्यात फायबर जवळजवळ नकोच. बसण्याचं सगळं गणित तिथे आहे. बुडाशी चिमूटभर बारीक काचमणी घातले की बाहुली कलंडत नाही.

फक्त ही बाहुली शोकेससाठी. लहान मुलांच्या हाती द्यायची असेल तर तार आणि मणी दोन्ही टाळा.