पेटी जड की माणूस दुबळा?

प्रश्न : जादूगारांची विचारपद्धती रोजच्या अडचणींत खरोखर उपयोगी पडते का?

उत्तर : पडते, मात्र हातचलाखीमुळे नव्हे. फ्रेंच जादूगार रोबेर-हुदँ यांच्याकडे लोखंडी तळाची पेटी होती. खाली दडवलेला विद्युतचुंबक सुरू केला की ती कोणालाही उचलता येत नसे. १८५६ मध्ये अल्जीरियात, फ्रेंच सत्तेचा दबदबा वाढवण्याच्या (मुळीच निर्मळ नसलेल्या) हेतूने प्रयोग करताना त्यांनी यंत्रणा तीच ठेवली. फक्त पेटी जड होते असे न म्हणता, समोरच्या बलदंड माणसाची ताकदच आपण काढून घेतो, असे सांगितले. साधने बदलण्याआधी प्रश्नाची मांडणी अशी उलटून पाहावी : मुलगा अभ्यास टाळतो, की आपण ठरवलेली वेळच त्याच्या गैरसोयीची आहे?