परतीचा दोर कापू नका

वाचकाचा प्रश्न: वय 26. चार वर्षं हेरॉइनमध्ये गेली. अलीकडेच उपचार केंद्रातून बाहेर आलोय, ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनची तलफ आवरणारं औषध) चालू आहे. आता शहर सोडून एका लहान, जुन्या वळणाच्या खेड्यात राहायचं आहे. हातात साधारण 20 महिन्यांच्या खर्चाएवढी बचत आहे, क्रेडिट कार्डाचं थोडं देणं आहे. 16 महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम घालून तिथे घर आणि लगतची जमीन घ्यायची आणि नोकरी सोडायची असं मनात आहे. एकदा घर घेतलं की परतीचा दोर कापला जाईल. विसार देऊ का?

उत्तर: विसार देऊ नका. खेड्यात मात्र जरूर जा.

जुने अड्डे, जुने नंबर, जुने मित्र यांच्यापासून लांब जावंसं वाटणं अगदी रास्त आहे. इटलीत रिमिनीजवळ 1978 साली सुरू झालेल्या सान पात्रिन्यानो या वसाहतीत व्यसनातून बाहेर पडू पाहणारी मुलंमुली तीन-चार वर्षं राहतात, कामं शिकतात, आणि त्यांच्याकडून पैसे घेतले जात नाहीत. शेतीभाती, ठरलेला दिवस, सोबतीला माणसं यांतून बरं होण्याला बळ मिळतं. पण हे सगळं भाड्याच्या खोलीतही मिळतं. त्यासाठी नावावर घर लागत नाही.

माझी हरकत दोर कापण्याला आहे. त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला तुमचे डॉक्टर आहेत, औषध आहे, आणि वेळ आलीच तर पुन्हा दाखल होण्याची सोय आहे. अमेरिकेतल्या व्यसनविषयक राष्ट्रीय संस्थेच्या अंदाजाने 40 ते 60 टक्के लोकांचं व्यसन उपचारांनंतर पुन्हा उलटतं. दमा आणि रक्तदाबातही दुखणं असंच पुन्हा डोकं वर काढतं. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पण ज्या खर्चाची शक्यता इतकी मोठी आहे, त्याची तरतूद आधी करायची आणि घराचा विचार नंतर.

आता समजा घर घेतलं आणि आठव्या महिन्यात तोल गेला. लहान गावात घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक किती? दोन-तीन शेजारी, आणि तुम्हाला घाई का आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक. भाव पाडून मागतील, किंवा पुढच्या हंगामापर्यंत थांबायला सांगतील. उपचार थांबत नाहीत. घर म्हणजे संपत्ती, हे खरंच. पण आठवडाभरात पैशात न बदलणारी संपत्ती पुढच्या वर्षभरात तुमच्या कामाची नाही.

म्हणून वाटणी अशी करा. कार्डाचं देणं दोन महिन्यांच्या खर्चाएवढं धरतो. ते आधी संपवा, त्या व्याजापुढे कुठलीच ठेव टिकत नाही. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम फक्त उपचारांची: औषध, डॉक्टरांकडे जायचा-यायचा प्रवास, पुन्हा दाखल व्हावं लागलं तर तो खर्च. उरलेल्या 12 महिन्यांच्या पैशात खेड्यात बहुधा जास्त दिवस निघतील, पण ते गृहीत धरू नका. शेतमजुरी हंगामी असते. पहिले सहा महिने तिची मिळकत शून्य धरा. आणि राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मागून पाहा.

निघण्यापूर्वी एक गोष्ट डॉक्टरांकडून पक्की करून घ्या: तिथे औषध कोण देणार, किती दिवसांचं मिळणार, जवळचा दवाखाना किती लांब. गावात कुणी ना कुणी म्हणेलच, "गोळ्या म्हणजे दुसरं व्यसनच की." वडीलधारी माणसं मायेने म्हणतील, तरी ऐकू नका. हे औषध 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते सुटलं आणि पुन्हा हेरॉइन घेतलं, तर पूर्वीचं नेहमीचं प्रमाणही जीव घेऊ शकतं, कारण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइनच्या अतिमात्रेवरचा उतारा, घरात ठेवा, ते कसं द्यायचं हे सोबत राहणाऱ्याला शिकवा, आणि त्याचा खर्च उपचारांच्या रकमेतून करा.

सगळ्यात अवघड भाग पैसा कुणाच्या हातात राहील हा आहे. हातात मोठी रोख रक्कम येण्याचा दिवस धोक्याचा असतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. बचतीच्या लहान लहान मुदत ठेवी करा, दर महिन्याला एक पिकेल अशा. उपचारांची रक्कम दोन सह्यांच्या खात्यात ठेवा. दुसरी सही अशा माणसाची हवी ज्याला तुम्हाला तोंडावर नाही म्हणता येतं. घरमालक किंवा नवा शेजारी नको. भाडं थेट मालकाच्या खात्यात जाऊ द्या, तुमच्या हातात आठवड्याचाच खर्च येऊ द्या. यात अपमान नाही. मी हीच व्यवस्था माझ्या पोटच्या मुलासाठीही केली असती.

आरोग्य विमा असेल तर हप्ता चुकवू नका. तो बंद पडला तर नव्या अर्जात व्यसनाचा इतिहास लिहावाच लागेल, आणि लपवला तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. गावात कुणाला उसने देऊ नका, शहरातून पैसे घेऊन आलेला माणूस म्हणून मागणारे येतीलच.

घराच्या मालकाला सांगा: वर्षभर भाड्याने द्या, विकायचं झालं तर आधी मला विचारा. शक्य असल्यास तेवढं लेखी घ्या. पेरणी, कापणी आणि कामाविना जाणारे रिकामे महिने असं पूर्ण वर्ष तिथे काढलंत, आणि उपचारांची रक्कम तेव्हाही शाबूत असली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा घराचा हिशेब नव्याने मांडू.