ठाण्याहून परदेशातल्या शोसाठी फायर पोई (दोरी वा साखळीच्या टोकाला पेटती वात लावून फिरवायचं साधन) आणि एलईडी स्टाफ (दिव्यांची काठी) विमानाने नेता येतात का?

हो, दोन्ही नेता येतात; इंधन मात्र थेंबभरही नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये. खरी अडचण वापरलेल्या वातीची होते. उष्णता सोसणाऱ्या केव्हलार धाग्याच्या विणीत रॉकेल मुरलेलं असतं, वास आला की नग बाजूला काढतात. म्हणून शक्यतो कोऱ्या वाती न्या आणि तिथेच बसवा. जुन्याच न्यायच्या तर गरम साबणाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा आणि सावलीतच वाळवा, कारण उन्हाने केव्हलार कमकुवत होतं. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत आतला पीळ वाळायला काही दिवस लागतात, तेवढे हातात ठेवा.

एलईडीचे सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच, प्रत्येकाच्या टोकांना चिकटपट्टी लावून. क्षमता वॅट-अवरमध्ये मोजतात: ३.७ व्होल्ट, २६०० एमएएच म्हणजे साधारण ९.६. १०० पर्यंत चालतं. १०० ते १६० ला एअरलाइनची आधी परवानगी, आणि सुटे दोनच.

सामान महागडं असेल तर फिक्की या उद्योग-संघटनेकडून एटीए कार्नेट (सामान तात्पुरतं परदेशात नेऊन सीमाशुल्क न भरता परत आणायचा कागद) काढा. पण इंधन त्यात बसत नाही, आणि सगळे देश ते सगळ्या कामांसाठी स्वीकारत नाहीत. इंधन व आगीची स्थानिक परवानगी आयोजकाकडून लेखी घ्या.