बडोद्याचा हिरेहार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गायकवाडांच्या हिऱ्यांच्या हाराबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देतो.

प्रश्न : हा हार पिढ्यान्‌पिढ्यांचा होता ना? त्यातले मोठे हिरे गोवळकोंड्याचे की पन्ना खाणीचे?

दोन्हीकडचे नाहीत. त्यातले दोन्ही मोठे हिरे ब्राझीलचे. थोरला ‘स्टार ऑफ द साउथ’ १८५३ मध्ये मिनास जेराइस प्रांतातल्या बागाजेम खाणीवर एका गुलाम स्त्रीला सापडला. त्या बदल्यात तिला गुलामीतून मुक्ती मिळाली, असे सांगतात. तिचे नाव कुठे नोंदलेले नाही आणि हिऱ्याच्या धन्यांची यादी मात्र व्यवस्थित जपलेली आहे, याचे मला फार वाईट वाटते. हिरा पॅरिसच्या हाल्फेन पेढीने घेतला आणि ॲमस्टरडॅमच्या कॉस्टर यांच्याकडे त्याला पैलू पाडले. याच कॉस्टरच्या कारागिरांनी १८५२ मध्ये लंडनला जाऊन कोहिनूर नव्याने घासला होता. पुढे १८६२ च्या लंडन प्रदर्शनात हा हिरा लोकांनी पाहिला, आणि त्यानंतर खंडेराव महाराज गायकवाडांनी तो ८०,००० पौंडांना घेतला.

दुसरा ‘इंग्लिश ड्रेस्डेन’. त्याच खाणीवर १८५७ मध्ये सापडलेला, थेंबाच्या घाटाचा. लंडनचे व्यापारी एडवर्ड ड्रेस्डेन यांच्यावरून हे नाव पडले, त्याचा जर्मनीतल्या शहराशी संबंध नाही. खंडेरावांनी तोही मिळवला आणि दोन्ही हिरे तीनपदरी हारात बसवले. म्हणजे घराण्याचे पूर्वज दमाजीराव यांच्यापासून चालत आलेला हा दागिना नव्हे, एका हौशी महाराजांनी घडवून घेतलेला. खंडेरावांची हौसच तशी होती. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर घालण्यासाठी त्यांनी मोत्यांची चादर करवून घेतली. ती तिकडे गेलीच नाही, बडोद्यातच राहिली.

प्रश्न : स्टार ऑफ द साउथचे वजन कुठे १२५ कॅरट, कुठे १२८. खरे कोणते?

दोन्ही खरी. जुना कॅरट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा आणि गावोगावी थोडा वेगळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो २०० मिलिग्रॅमवर पक्का झाला. आजच्या मापाने हिरा १२८.४८ कॅरटचा, म्हणजे पावणेसव्वीस ग्रॅमच्या आतबाहेर. इंग्लिश ड्रेस्डेन ७८.५३ कॅरट. खाणीतून निघाला तेव्हा स्टार ऑफ द साउथ आजच्या मापाने २६१ कॅरटच्या पुढे होता. पैलू पाडताना निम्म्याहून जास्त माल भुकटीत जातो, पण त्याशिवाय तेज येत नाही.

प्रश्न : मल्हाररावांनी रेसिडेंटला हिऱ्याची पूड घातली होती, तो हिरा याच हारातला का?

नाही. मल्हारराव म्हणजे खंडेरावांनंतर गादीवर आलेले त्यांचे भाऊ. १८७४ च्या अखेरीस रेसिडेंट, म्हणजे बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप झाला. घातक असेल तर सोमल. ‘हिरकणी खाऊन जीव दिला’ असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात खरे, पण हिरा हे विष नव्हे. चौकशी आयोगातले तीन इंग्रज सदस्य आरोपाच्या बाजूने गेले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव या तिघा हिंदी सदस्यांना मात्र आरोप सिद्ध झाल्याचे वाटले नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून काढले. खंडेरावांच्या राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव. हारासकट सारा जवाहीरखाना एका शेतकरी घरातल्या मुलाकडे आला.

प्रश्न : सीतादेवींनी हार नेला तो चोरून की हक्काने?

सर्वांत जास्त पत्रे याच प्रश्नाची आहेत. सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव १९३९ मध्ये गादीवर आले आणि १९४३ मध्ये त्यांनी पिठापुरमच्या सीतादेवींशी दुसरे लग्न केले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. महाराणी युरोपात, मोनॅकोला राहू लागल्या आणि त्यांच्याबरोबर बरेच जवाहीरही गेले. सरकारी तपासणीत जामदारखान्यातली तूट उघड झाली. काही दागिने परत आले, बरेच आले नाहीत. १९५१ मध्ये प्रतापसिंहरावांना पदच्युत करून त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना मान्यता मिळाली.

महाराजांनी पत्नीला दागिने दिले, यात वावगे काय, असे एका वाचकांनी लिहिले आहे. मला ते पटत नाही. ८०,००० पौंड रयतेच्या शेतसाऱ्यातून आले होते. खासगीतली वस्तू आणि गादीची वस्तू यांत फरक करायला हवा, आणि हा हार गादीचा होता. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात गेले. जवाहीर मिरवले नाही म्हणून त्यांचे राजेपण कुठे उणे झाले नाही.

परदेशी गेलेल्या दागिन्यांचे पुढे काय होते, याचा एक नमुना सांगतो. पाचू आणि हिऱ्यांचे पायातले तोडे सीतादेवींनी न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांना विकले. त्याचा गळ्यातला हार झाला, तो डचेस ऑफ विंडसरने, म्हणजे गादी सोडलेल्या इंग्लंडच्या आठव्या एडवर्डच्या पत्नीने, घेतला, आणि ही रत्ने एकेकाळी पायात होती हे चारचौघांत कळताच परत केला.

प्रश्न : लक्ष्मीविलास राजवाड्यात हा हार पाहता येईल का?

नाही. स्टार ऑफ द साउथ पुढे कार्तिए या फ्रेंच पेढीकडे गेला. बडोद्याचा दुसरा प्रसिद्ध हार मोत्यांचा, सातपदरी होता, त्यातल्या मोत्यांचा दोनपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरला विकला गेला. मोत्यांची चादर २००९ मध्ये दोह्यात लिलावात निघाली.

हिरेहार जसा होता तसा बघायचा असेल, तर सीतादेवींचे १९४८ मधले छायाचित्र शोधा. मधला टपोरा खडा तो स्टार ऑफ द साउथ, आणि त्याच्याखाली लोंबणारा थेंब तो इंग्लिश ड्रेस्डेन.