‘माउंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न सांगलीच्या गावभागातून आला आहे. विचारणारे डीटीपीचं काम करतात. ऑफिसातल्या लिनक्सच्या संगणकांसाठी सहकाऱ्यांना मराठीत सूचना लिहून देताना ते अडले. त्यांनी लिहिलेलं वाक्य असं: ‘संगणक सुरू होताच चकती-विभाजनांचे स्वयंचलित आरोहण होऊ नये यासाठी पुढील बदल करावेत.’ सहकाऱ्यांना त्यातलं काही उमगलं नाही. (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला तुकडा; माउंट करणं म्हणजे तो एखाद्या फोल्डरात दिसेल आणि वापरता येईल असं करणं; ते आपोआप झालं की ऑटोमाउंट.) तेव्हा ‘पार्टिशन’ला काय म्हणावं, ‘माउंट’ला काय म्हणावं आणि ‘ऑटोमाउंट बंद करा’ हे सरळ मराठीत कसं सांगावं, असं ते विचारतात.

पार्टिशनचं उत्तर तुमच्या पत्त्यातच आहे. गावभाग, खणभाग ही नावं सांगलीकरांच्या तोंडी रोजची आहेत. डिस्कच्या पार्टिशनलाही ‘भाग’ म्हणा. ‘विभाजन’ हे क्रियेचं नाव आहे. विभाजन होऊन जातं, हातात उरतात ते भाग. आणि ‘चकती’ कशाला? डिस्क सगळ्यांना कळते.

माउंटचं मात्र नीट बघायला हवं. ‘आरोहण’ ही चढणाऱ्याची क्रिया आहे. गिर्यारोहक स्वतः चढतो, अश्वारूढ माणूस स्वतः घोड्यावर बसलेला असतो. डिस्कचा भाग स्वतः चढत नाही, त्याला यंत्रणा चढवते. संस्कृतात या ‘चढवण्या’ला वेगळा शब्द आहे, ‘आरोपण’. धनुष्याला दोरी चढवण्यासाठी तो वापरलेला सापडतो. पण मराठीत आरोप म्हणजे ठपका, त्यामुळे तोही उपयोगाचा नाही. मग सरळ ‘चढवणे’ घ्यावं, आणि त्याच्या जोडीला ‘उतरवणे’.

हा शब्द इथे नुसता चालून जातो असं नाही, तो मुळाला धरून आहे. जुन्या मोठ्या संगणकांवर चुंबकीय टेपची रिळं आणि काढता-घालता येणारे डिस्कचे संच असत. काम आलं की ऑपरेटर कपाटातून रीळ काढून यंत्रावर हातानं चढवी, काम झालं की उतरवून ठेवी. माउंट हा शब्द त्या हातकामाचा आहे. लिनक्स ज्या वळणावर बेतलं त्या युनिक्स या यंत्रणेच्या 1971 सालच्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात ‘माउंट’ आणि ‘यूमाउंट’ या दोन्ही आज्ञा आहेत. दुसरीतला, म्हणजे ‘अनमाउंट’मधला, ‘एन’ तेव्हापासून गळलेला आहे तो आजही तसाच. ती आज्ञा टाइप करताना अनेकजण उगाच ‘एन’ घालतात आणि आज्ञा सापडत नाही.

आता रिळं गेली, चढवणं अदृश्य झालं, मग शब्द चालेल का, अशी शंका येईल. चालेल, कारण मराठीत ‘चढवणे’ फक्त वस्तूंपुरतं कधीच नव्हतं. चाकावर धाव चढवतात तसं सातबाऱ्यावर नावही चढवतात. विकास सोसायटीचं कर्ज घेतलं की उताऱ्यावर बोजा चढतो, फिटलं की तो उतरवून घ्यावा लागतो. सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जमीन जागची हलत नाही, बदलते ती नोंद. डिस्कच्या बाबतीतही तेच होतं: भाग डिस्कवर असतोच, फक्त तो कुठल्या फोल्डरात दिसायचा याची नोंद यंत्रणा करते.

‘जोडणे’ का नको, हेही सांगतो, कारण बरेच जण तो शब्द सुचवतात. पेनड्राइव्ह यूएसबीत खुपसला की तो जोडला जातो. पण जोडला म्हणजे चढला असं नाही. ‘पेनड्राइव्ह जोडलाय, पण चढला नाहीये’ हे वाक्य रोज बोलावं लागतं, आणि दोन्हीकडे ‘जोडणे’ वापरलं तर ते बोलताच येत नाही. उलट बाजूलाही तसंच. ‘आधी उतरव, मग काढ’ ही सूचना सहकाऱ्यांना पाठच करायला लावा. लिहायचा मजकूर बराच वेळ मेमरीत थांबलेला असू शकतो; उतरवताना तो डिस्कवर पोचतो. न उतरवता ओढून काढला, तर फाइल अर्धवट राहू शकते.

राहिलं ‘ऑटो’. ‘स्वयंचलित’ म्हणजे आपल्या बळावर चालणारं, ते यंत्राला शोभतं. इथे ‘आपोआप’ पुरे. पण ‘ऑटोमाउंट बंद’ या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळतात, आणि तुमच्या पत्रकात खरा गोंधळ तिथे होईल.

पहिली: संगणक सुरू होताना भाग चढणं. हे ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीवर ठरतं. तिच्यात प्रत्येक भागासाठी एक ओळ आणि ओळीत सहा रकाने असतात. पहिल्यात भागाची ओळख, दुसऱ्यात तो कुठे चढवायचा ती जागा, तिसऱ्यात फाइलव्यवस्थेचा (भागावर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीचा) प्रकार, आणि चौथ्यात पर्याय. चौथ्या रकान्यात ‘नोऑटो’ लिहिलं की तो भाग सुरुवातीला चढत नाही. हवा तेव्हा सांगून चढवता येतो. पहिल्या रकान्यात डिस्कचं ‘एसडीबी-1’सारखं नाव न लिहिता यूयूआयडी, म्हणजे त्या भागाचा स्वतःचा लांबलचक ओळखक्रमांक, लिहावा. डिस्क कुठल्या क्रमानं सापडल्या त्यावर ती नावं बदलू शकतात, यूयूआयडी मात्र भाग पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो. घरी नेली जाणारी बाहेरची डिस्क या फाइलीत असेल आणि तिच्या ओळीत ‘नोऑटो’ किंवा ‘नोफेल’ (भाग सापडला नाही तरी पुढे जा) यांपैकी काहीच नसेल, तर सिस्टमडी (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) असलेला संगणक सुरू होताना साधारण 90 सेकंद तिची वाट बघतो आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर जाऊन थांबतो. सकाळी कामाच्या घाईत हे फार जाचतं.

दुसरी: नवीन डिस्क जोडताच ती आपोआप चढणं. हे काम डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू सांभाळणारा प्रोग्रॅम, करतो, आणि ते चालू-बंद करायची सोय त्याच्याच सेटिंगमध्ये असते. एफएसटॅबमधल्या इतर ओळी बदलून ते थांबत नाही.

तिसरी: भाग फाइल मॅनेजरात दिसणं. ‘नोऑटो’ लिहिलं तरी भागाचं नाव डाव्या पट्टीत दिसू शकतं, आणि परवानगी असलेला माणूस क्लिक करून तो चढवू शकतो. म्हणजे ‘चढवू नये’ आणि ‘दाखवू नये’ या वेगळ्या सूचना आहेत, आणि ‘उघडू देऊ नये’ ही आणखी वेगळी. हिशेबाचा भाग इतरांपासून राखायचा असेल, तर ‘ऑटोमाउंट बंद केलं’ म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला परवानग्या किंवा एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं करणं) लागतं.

विंडोजवर प्रत्येक भागाला सी, डी असं अक्षर मिळतं आणि ते काढलं की भाग दिसेनासा होतो, तिथे ‘डी ड्राइव्हचं अक्षर काढा’ असंच लिहावं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘संगणक सुरू होताना डिस्कचा बॅकअपचा भाग आपोआप चढू नये म्हणून त्याच्या ओळीत चौथ्या रकान्यात नोऑटो लिहा. भाग लागेल तेव्हा चढवा, काम झालं की उतरवा.’ पहिल्यांदा ‘चढवणे’ येईल तिथे शेजारी कंसात ‘माउंट’ लिहून ठेवा, कारण पडद्यावर तोच शब्द दिसणार आहे. ‘माउंट पॉइंट’, म्हणजे भाग जिथे चढवायचा ती जागा, हाही शब्द तसाच राहू द्या.