इनडिझाइनमध्ये मराठी फुटते तेव्हा

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये जत्रेचं पत्रक लावताना ‘शिरगाव’मधली वेलांटी ‘श’च्या उजवीकडे पडली, ‘म्हापसा’तला ‘म्ह’ सुटला, तर फॉन्ट बदलत बसू नका. दोष बहुधा कंपोझरचा, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी लावणाऱ्या यंत्रणेचा असतो. सगळा मजकूर निवडा, पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ घ्या. वेलांटी जागेवर येते. हीच निवड पॅराग्राफ स्टाइलच्या जस्टिफिकेशनमध्येही करून ठेवा, नाहीतर नव्या चौकटीत पुन्हा तेच रडगाणं.

रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टातला आहे (युनिकोड म्हणजे सगळीकडे सारखा चालणारा अक्षरांचा संकेत). कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि रफार, ‘क्ष’, ‘ज्ञ’ डोळ्यांनी तपासा, कारण चुका तिथेच राहतात.

छापखान्याच्या पीडीएफला ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर सोडलेली जादा छपाई, ३ मिमी. काळा मजकूर फक्त के १०० (शंभर टक्के काळी शाई) ठेवा; चार रंगांत गेला आणि प्लेट केसभर सरकली, तर बारीक अक्षरांना रंगीत कड येते.