वाचकांचे प्रश्न : साहाय्यक श्वानांची मादी घरी सांभाळताना

प्रश्न : साहाय्यक श्वान (अपंग व्यक्तींना मदत करायला शिकवलेले कुत्रे) तयार करणाऱ्या संस्थेची प्रजननासाठी निवडलेली मादी घरी सांभाळायचा विचार आहे. आमच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा असते?

उत्तर : मादी राहते तुमच्याकडे, मालकी मात्र संस्थेचीच. मेटिंग कधी आणि कोणत्या नराशी हे संस्था ठरवते. घरात नसबंदी न झालेला नर असेल तर बहुतेक ठिकाणी नकारच मिळेल.

मादी साधारण दर सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि माज सुमारे तीन आठवडे टिकतो. रक्तस्राव दिसला की त्याच दिवशी संस्थेला कळवा, मेटिंगची योग्य वेळ कळावी म्हणून प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या रक्ततपासण्या त्या तारखेवरून आखतात. सगळ्यात जास्त चूक होते ती दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. स्राव फिकट झाला की लोकांना वाटतं, माज संपला, आणि ते पट्टा सोडतात. खरं तर ती नराला जवळ येऊ देते ती याच सुमाराला. तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत कुंपणाच्या आवारातही तिला एकटं सोडू नका.

प्रश्न : विण्याची वेळ कशी ओळखावी? डॉक्टरांना कधी बोलवायचं?

उत्तर : गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजा. नेहमीचं ३८ च्या वरचं तापमान ३७.२ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की बहुधा २४ तासांत कळा सुरू होतात. ही घट थोडाच वेळ टिकते, त्यामुळे दिवसातून एकदाच मोजणाऱ्याच्या हातून ती निसटते.

जोराच्या कळा अर्धा तास चालू आहेत आणि पिल्लू नाही, आत पिल्लं असताना दोन तास काहीच हालचाल नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव आला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. हिरवा रंग म्हणजे वार (प्लॅसेंटा) सुटायला लागली. ५५ व्या दिवसानंतर काढलेल्या एक्स-रेवरून पिल्लांचा आकडा माहीत असेल तर आत कोणी राहिलं का, याचा अंदाज येतो. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन हे औषध स्वतःहून कधीही देऊ नका.

गाभणपणात कॅल्शियमच्या गोळ्याही नकोत. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून घ्यायची शरीराची तयारी मंदावते, आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. मादी थरथरते, धापा टाकते, ताठ चालते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : पहिले काही दिवस पिल्लांची काळजी कशी घ्यायची?

उत्तर : आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही, त्याला भरवलं तर दूध पोटात तसंच पडून राहतं किंवा श्वासनलिकेत जातं. पहिल्या आठवड्यात मादी आणि पिल्लांसाठी केलेल्या पेटीत २९ ते ३२ अंश सेल्सियस ठेवा, मात्र एक कोपरा थंड असू द्या, म्हणजे आईला तिथे सरकता येईल. पिल्लं एकमेकांवर ढीग करून पडली तर त्यांना गारठा लागतोय. लांब-लांब पसरून कुरकुरत असतील तर उकडतंय. पेटीच्या भिंतींपासून थोडं अंतर सोडून आतून आडव्या पट्ट्या हव्यातच, नाहीतर आई टेकताना पिल्लू तिच्या पाठीमागे चिरडतं. खाली वर्तमानपत्राचा गुळगुळीत थर एकटा नको, पाय फाकतात. त्यावर खरखरीत धुता येणारं कापड पसरा.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणा. पिल्लांना रंगीत पट्ट्या बांधून रोज ठरल्या वेळी वजन लिहा, आणि पट्ट्या सैल करायला विसरू नका. पहिल्या दिवशी किंचित घट चालते. नंतर एक दिवसही वजन अडलं तर संस्थेला कळवा. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं.

प्रश्न : पिल्लं कधी परत द्यावी लागतात? मादीचं पुढे काय?

उत्तर : पिल्लं साधारण आठ आठवड्यांची झाली की जातात. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना वेगवेगळी जमीन, व्हॅक्युम क्लीनरचा आवाज, अनोळखी माणसं यांची थोडी-थोडी सवय लावा. पुढच्या प्रशिक्षणात तुमच्या या कामाचा फार उपयोग होतो. मादी प्रजननातून निवृत्त झाल्यावर तिची नसबंदी करून अनेक संस्था तिला त्याच घरी ठेवू देतात. पण हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या, आणि त्यानंतरचा दवाखान्याचा खर्च कोणाचा हेही.